नावापुढचे प्रश्नचिन्ह परत लावा : शीख व्यक्तिचित्रे सांभाळणाऱ्या संग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
शीख व्यक्तिचित्रे ज्यांच्या ताब्यात आहेत अशा देशातील व परदेशातील संग्रहालयांचे संचालक आणि क्युरेटर,
तसेच ही चित्रे विकणारी लिलावगृहे

विषय : चित्रातील व्यक्तीचे नाव पुराव्याविना ठरवून टाकण्याबाबत

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

अलीकडे एका मोठ्या संग्रहालयाने आपला जुना चित्रसंग्रह ऑनलाइन खुला केला. कोणते संग्रहालय ते इथे लिहीत नाही; दुखणे एकट्या त्याचे नाही आणि मला कोणाला चव्हाट्यावर आणायचे नाही. त्या सूचीत एका घोडेस्वाराचे लहानसे चित्र आहे. खाली मजकूर असा : 'गुरू गोविंदसिंग, घोड्यावर. पंजाब, अठरावे शतक.' एवढेच. कोण म्हणतो, कशावरून म्हणतो, काही नाही.

हे चित्र माझ्या हाताखालून गेलेले आहे. संग्रहालयांतल्या वस्तूंच्या नोंदी करणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि त्या कामात मी ते टेबलावर घेऊन भिंगाखाली पाहिले आहे. स्वाराचा जामा उजव्या बगलेखाली बांधलेला आहे. मुघल काळातल्या चित्रांत मुसलमान उमराव जाम्याचे बंद उजवीकडे बांधतात, हिंदू डावीकडे. हा काही दगडावरचा नियम नव्हे, पण डोळ्याआड करण्यासारखाही नाही. दाढी कातरून जबड्याच्या कडेने बारीक राखलेली आहे. कानात मोती आहे, हातमोज्यावर ससाणा, पगडीला कलगी, डोक्यामागे सोन्याच्या रंगाचे पुसट वलय. घोड्याचे पाय आणि शेपटीचे टोक मेंदीने रंगवलेले. कागद उलटला की मागे दोन वेगवेगळ्या हातांचे लिखाण दिसते. एक फारसी, फिकट तपकिरी शाईतले. त्यातला 'शबीह', म्हणजे व्यक्तिचित्र, एवढा शब्द लागतो आणि पुढचे नाव ओल लागून गेलेले आहे. दुसरे इंग्रजीत, शिसपेन्सिलीने : गोविंदसिंग, आणि त्यापुढे स्वच्छ काढलेले प्रश्नचिन्ह. जुन्या नोंदवहीत तेव्हाच्या कारकुनाने ते प्रश्नचिन्हासकट उतरवून घेतले. पुढे टाइप केलेल्या सूचीतही ते टिकले. ऑनलाइन सूचीत ते गळाले.

कसे गळाले असेल, याचा अंदाज मी करू शकते. संगणकावरच्या नोंदीत 'व्यक्तीचे नाव' असा एक रकाना असतो. तो नाव मागतो, शंकेला त्यात जागा नसते. नोंद भरणारी व्यक्ती बहुधा कंत्राटावरची, तिला दिवसाचा कोटा पुरा करायचा. तिच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते रकाना आखणाऱ्यांशी, आणि सूची खुली करण्याआधी एकदा नजर टाकायची ज्यांची जबाबदारी होती त्यांच्याशी.

आता मला यात पडायचे कारण. मी नांदेडची, दखनी शीख घरातली. आमच्या घरात मराठी बोलतात, दखनी हिंदी बोलतात आणि पाठापुरती गुरुमुखी वाचतात. महाराजा रणजितसिंगांनी आमच्या हुजूरसाहिब गुरुद्वाराची इमारत उभारण्यासाठी पंजाबातून जी माणसे धाडली, त्यांतली काही इथेच राहिली आणि आपण त्यांचे, असे आमचे वडीलधारे सांगत आले. ज्या गावी १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला त्या गावात त्यांच्या नावाने एखादे जुने चित्र फिरू लागले, तर ते किती घरांत पोचते हे वेगळे सांगायला नको. ते घोडेस्वाराचे चित्र संग्रहालयाच्या नावासकट आमच्या आत्याच्या मोबाइलवर आले. तिने ते कपाळाला लावले. मला म्हणाली, 'बघ गं, सरकारी आहे, म्हणजे खरंच असणार.' त्या माउलीने कोणा अनोळखी मुघल अमिराला माथा टेकवला असण्याची शक्यता मोठी आहे. दोष तिचा म्हणायचा का?

यावर तुमच्यातल्या काहींचे उत्तर मला तोंडपाठ झाले आहे : गुरूंचे नाव काढले तर भाविकांच्या भावना दुखावतील. शीख म्हणून याला मीच उत्तर देते. आमच्याकडे चित्र पूजेला नसते. दहाव्या गुरूंनी गुरुपद ग्रंथाला दिले ते आमच्याच गावी, आणि तेव्हापासून गुरू ग्रंथसाहिब हाच गुरू. चित्राखालचे नाव बदलल्याने आमच्या श्रद्धेला काही होत नाही. तेव्हा आमच्या भावनांच्या आड कृपया दडू नका.

मूळ घोटाळा असा आहे की खूण पाहिली की नाव द्यायचे. ससाणा दिसला, कलगी दिसली, घोडा दिसला, की गुरू गोविंदसिंग. वलय दिसले की कोणीतरी गुरू. पण ससाणा हा मुघल दरबारातल्या निम्म्या उमरावांच्या मनगटावर बसलेला असतो, शिकार हा त्यांचा थाटच होता. वलय मुघल चित्रकारांनी बादशहांना दिले, पुढे हिमालयाच्या पायथ्याच्या पहाडी राजांना मिळाले, मग रणजितसिंगांना आणि जम्मूच्या राजांनाही. कलगी हे राजेपणाचे चिन्ह आहे, धर्माचे नाही. या खुणा संचात उपयोगी पडतात, सुट्या पडत नाहीत. पहाडी चित्रकार नैनसुखच्या घराण्यातल्या गुलेरच्या चित्रकारांनी दहा गुरूंचे संच काढले. चंदीगडच्या शासकीय संग्रहालयात त्यातले काम आहे. तिथे दहा चित्रे शेजारी मांडली की कोण कोणता हे बरेचसे आपोआप कळते. बालरूप दिसले की ते आठवे गुरू हरकृष्ण, जे वयाच्या आठव्या वर्षी गेले. एका बाजूला रबाब घेतलेला मर्दाना आणि दुसऱ्या बाजूला मोरचेल धरलेला बाला, हे दोघे सोबती असतील, तर मध्ये बसलेले गुरू नानक. संच फुटला, एक पान एका देशात आणि दुसरे दुसऱ्या देशात गेले, की सुट्या पानावरचा ससाणा हा फक्त ससाणा उरतो.

याची उलटी बाजू मला अधिक छळते. गुरू नानकांच्या हयातीत काढलेले एकही चित्र आज ज्ञात नाही. जी जुनी चित्रे आहेत त्यांतले नानक आपल्या कॅलेंडरवरच्या नानकांसारखे दिसतच नाहीत. डोक्याला टोपी, टोपीभोवती सेली म्हणजे फकिरी दोरा, अंगात ठिगळांचा किंवा अक्षरांनी भरलेला चोगा, हातात माळ. अशा चित्रातला मर्दाना कापला गेला, किंवा चित्रकाराने काढलाच नसला, तर 'मुसलमान फकीर' अशी नोंद व्हायला कितीसा वेळ लागतो? 'अज्ञात फकीर', 'संत', 'दरवेश' या नावाखाली तुमच्या कपाटांत जे पडले आहे ते या नजरेने कोणी पुन्हा चाळले का? एकीकडे उमराव गुरू होऊन बसले आहेत आणि दुसरीकडे गुरू फकीर म्हणून कपाटात आहेत, असे होत नसेल याची खात्री तुमच्यापैकी कोण देईल?

आणि नावे लिहून ठेवायची रीत तेव्हा नव्हतीच, असे कोणी सांगू नये. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जी सचित्र जन्मसाखी, म्हणजे गुरू नानकांच्या चरित्रकथांची पोथी, बी-४० या क्रमांकाने ओळखली जाते, ती १७३३ सालची. तिच्यात ५७ चित्रे आहेत आणि ती कोणासाठी झाली, कोणी लिहिली, कोणी रंगवली हे तिनेच सांगितले आहे : करवून घेणारे भाई संगू मल, लेखक दयाराम अबरोल, चित्रकार आलम चंद राज. म्हणजे लिहिणाऱ्यांनी लिहिले. आपण ते जपले का, हा प्रश्न आहे.

आता रणजितसिंगांच्या लाहोर दरबाराच्या चित्रांकडे येते. इथे दोन टोके दिसतात. एका टोकाला 'शीख सरदार' ही पाटी, जिच्याखाली दाढी आणि पगडी असलेला कोणीही बसवता येतो. दुसऱ्या टोकाला चारपाच ठरलेली नावे, जी नीट शहानिशा न करता वाटली जातात. सेनानी असतील तर हरीसिंग नलवा, अकाली फुलासिंग, शामसिंग अटारीवाला. देखणा तरुण असेल तर दरबारातला हिरासिंग किंवा महाराजांचा नातू नौनिहालसिंग.

लाहोर दरबार हा काही फक्त शिखांचा दरबार नव्हता. परराष्ट्राचा कारभार पाहणारे फकीर अझीझुद्दीन मुसलमान होते. दिवाण दीनानाथ काश्मिरी पंडित. गुलाबसिंग, ध्यानसिंग आणि सुचेतसिंग हे तिघे भाऊ जम्मूचे डोगरा राजपूत; दाढी, पगडी, दागिने पाहून तुम्ही त्यांना सर्रास शीख सरदारांत धरता. फौजेत अलार, व्हेंचुरा, कूर यांच्यासारखे युरोपी अधिकारी होते आणि अलारची दाढी कोणा सरदाराला हार जाणारी नव्हती. या तीन डोगरा भावांची आपसांत होणारी अदलाबदल हा तर एक वेगळाच विषय आहे. एकच चेहरा एका सूचीत ध्यानसिंग आणि दुसरीत सुचेतसिंग म्हणून मी पाहिलेला आहे.

बरे, ओळखायला साधने नाहीत असेही नाही. दरबारात कोण बसे आणि कोण उभा राही हे ठरलेले होते. ध्यानसिंग मुख्य वजीर, पण महाराजांपुढे तो उभा असे. त्याचा मुलगा हिरासिंग मात्र महाराजांचा इतका लाडका की त्याला खुर्ची मिळे. तेव्हा महाराजांजवळ खुर्चीत बसलेला कोवळा तरुण आणि मागे उभा असलेला रुबाबदार माणूस, एवढ्यावरून निदान विचाराला दिशा मिळते. गव्हर्नर-जनरल ऑकलंडची बहीण एमिली ईडन १८३८ मध्ये रणजितसिंगांना भेटली. तिने महाराज, त्यांचा मुलगा शेरसिंग, हिरासिंग यांना समोर पाहून चितारले आणि १८४४ मध्ये ती चित्रे लंडनला छापून निघाली. हंगेरीचा चित्रकार शोफ्त १८४१ च्या सुमारास लाहोरात होता. लाहोर दरबाराचे त्याचे प्रचंड तैलचित्र आज लाहोरच्या किल्ल्यात आहे. कर्नल जेम्स स्किनरने १८३० मध्ये 'तझ्किरत-उल-उमरा' हे फारसी हस्तलिखित तयार करवून घेतले. त्यात संस्थानिकांच्या हकिकती आहेत आणि हकिकतीबरोबर चित्रे आहेत. म्हणजे नाव आणि चेहरा एकाच ठिकाणी. ही सगळी पुराव्याची ठिकाणे आहेत. एखाद्या नव्या चित्राला नाव देताना यांतल्या कशाशी ताडून पाहिले, एवढी एक ओळ नोंदीत लिहायला काय हरकत आहे?

रणजितसिंगांना तरी सगळे ओळखतात असे वाटेल. लहानपणी देवी आल्या आणि त्यांचा डावा डोळा गेला. पुष्कळ चित्रकार त्यांना बाजूने दाखवतात, तोही उजवा गाल आपल्याकडे येईल असा. काहीजण मात्र मिटलेला डोळा न लपवता रंगवतात. आता गंमत पाहा. १८७० च्या सुमारास लाहोर-अमृतसरच्या बाजारात लाकडी ठशांची स्वस्त चित्रे निघत. मूळ चित्र ठशावर जसेच्या तसे उतरवून कोरले तर छाप उलटा येतो आणि महाराजांचा भलताच डोळा जातो. ही झाली ठसे कोरणाऱ्यांची गोष्ट, त्यांना माफ. पण आजच्या काळात तुमच्या संकेतस्थळांवर जुन्या काचेच्या निगेटिव्हचे स्कॅन उलटे चढवलेले आहेत, त्याचे काय? मी एका सूचीत रणजितसिंगांचा उजवा डोळा मिटलेला पाहिला. त्याच चित्रात तलवार उजव्या कमरेला आणि जाम्याचे बंद भलत्या बाजूला. डाव्या-उजव्याची अशी गल्लत झाली की वर ज्या खुणा मी सांगितल्या त्या सगळ्या निकामी होतात. कळवले. पोच आली नाही. पुन्हा कळवले. चित्र अजून तसेच आहे.

साल लिहिण्यातही हयगय होते. पंजाबी आणि पहाडी चित्रकारांच्या घरी चरबे असत. हरणाच्या पातळ कातड्यावर आकृती गिरवून घ्यायची, रेषेवर भोके पाडायची आणि कोळशाची पूड झाडून ती आकृती नव्या कागदावर उतरवायची. आजोबांनी उतरवून घेतलेला चेहरा नातू वापरी. त्यामुळे माणूस मेल्यानंतर पन्नास वर्षांनीही त्याचे 'व्यक्तिचित्र' निघू शकते आणि ते त्याच्यासारखे दिसूही शकते. उलट, चरबा तोच ठेवून पगडीचा रंग बदलला की दुसरा सरदार तयार. नोंदीत चित्राचे साल आणि माणसाचे साल वेगळे दाखवायला हवे ते याच कारणाने. शीख सरदार जस्सासिंग अहलुवालिया १७८३ मध्ये वारले. त्यांचे चित्र एकोणिसाव्या शतकातले असेल तर ते त्यांचे स्मरणचित्र आहे, समोर बसवून काढलेले नाही. वाचणाऱ्याला हे कळले पाहिजे.

दिल्लीच्या हस्तिदंती चित्रांबद्दल तर बोलावे तेवढे थोडे. इंग्रज-शीख युद्धे झाली, १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला, आणि इंग्रज गिऱ्हाइकांना 'शीख सरदारांचे' संच हवेहवेसे झाले. रुपयाएवढ्या लंबगोल हस्तिदंतावर रणजितसिंग, शेरसिंग, दलीपसिंग अशी मालिका निघू लागली. त्यात एखादी सुंदर स्त्री असली की ती हमखास रणजितसिंगांची राणी आणि दलीपसिंगाची आई जिंदां. दिल्लीच्या चित्रकाराने जिंदांना कुठे पाहिले होते? तोच मुखडा दुसऱ्या संचात नूरजहान म्हणून, तिसऱ्यात नुसतीच 'लखनौची बेगम' म्हणून आलेला असतो. खरी जिंदां कशी दिसे हे पाहायचे तर १८६३ मध्ये लंडनला जॉर्ज रिचमंडने काढलेले चित्र आहे. थकलेली, दागिन्यांनी लगडलेली, मुलाबरोबर राहायला इतक्या लांब आलेली. त्याच वर्षी ती गेली. नाशिकला पंचवटीत गोदावरीच्या काठी तिची समाधी होती. १९२४ मध्ये तिची नात राजकुमारी बंबाने अस्थी लाहोरला रणजितसिंगांच्या समाधीपाशी नेल्या. ज्या बाईला इंग्रजांनी लाहोरातून उचलून हद्दपार केले, मुलापासून तोडले, मेल्यावरही पंजाबची माती मिळू दिली नाही, तिच्या नावावर आता कोणाचाही चेहरा खपवायचा? हस्तिदंती सुंदरीखाली 'राणी जिंदां' लिहिण्याआधी निदान हात अडखळावा.

लिलावगृहांना वेगळे सांगायचे आहे. अनामिक सरदाराला एक भाव आणि हरीसिंग नलवाला दुसरा, हे आम्हालाही कळते. म्हणून तर विक्रेत्याने सांगितलेले नाव तपासण्याची जबाबदारी तुमच्यावर अधिक. 'परंपरेनुसार' हा शब्द तुमच्या सूचीत फार सोयीने येतो. कोणाची परंपरा? कुटुंबाची, की मागच्या लिलावाच्या सूचीची? आणि एक विनंती हात जोडून : नव्या चौकटीत बसावे म्हणून चित्र ज्यावर चिकटवलेले असते त्या जुन्या माउंटच्या कडा कापू नका. कित्येकदा वरच्या पिवळ्या पट्टीवर टाकरी लिपीत किंवा गुरुमुखीत नाव असते आणि तीच पट्टी कात्रीखाली जाते.

टाकरीवरून आठवले. पहाडी चित्रांवरची ही लिपी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. आज वाचून घेतले नाही तर उद्या वाचायला माणूस मिळणार नाही. आणि वाचून घ्यायचे तर आधी चित्राची मागची बाजू दिसली पाहिजे. ती तुम्ही दाखवत नाही. समोरची बाजू मात्र झूम करून पापणीच्या केसापर्यंत दिसते.

हे काम अशक्य कोटीतले आहे असे म्हणाल, तर दोन उदाहरणे देते. कलेतिहासकार बी. एन. गोस्वामींनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या चाळून पहाडी चित्रकारांच्या वंशावळी जुळवल्या. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी उपाध्यांकडे नामावळी असते, तसल्याच त्या वह्या. ज्या चित्रकारांची नावे कोणाला ठाऊक नव्हती ते बाप, भाऊ, मुलगे यांच्यासह उभे राहिले. दुसरे उदाहरण मराठी वाचकांना सांगायलाच नको. एके काळी इब्राहिम खान नावाच्या भलत्याच माणसाचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून आपल्याकडे छापले जात होते. वा. सी. बेंद्रे यांनी परदेशी साधनांतून महाराजांचे खरे चित्र शोधले, पुरावा मांडला, आणि समाजाने ते स्वीकारले. तेव्हा कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. लोकांना खरे हवे असते. ते पुराव्यासकट सांगणारा भेटावा लागतो.

फाळणीचाही एक धागा इथे आहे. लाहोर संग्रहालयाच्या संग्रहाची १९४८ मध्ये साठ-चाळीस अशी वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याचे पुढे चंदीगडला गेले. जोडीतले एक चित्र इकडे आणि दुसरे तिकडे, असे कुठे कुठे झाले आहे ते दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. दोन्ही सरकारांचे पटो न पटो, दोन याद्या एका पानावर आणायला व्हिसा लागत नाही.

तर आमच्या मागण्या अशा.

प्रत्येक व्यक्तिचित्राच्या नोंदीत नावासमोर आधार लिहा. चित्रावरच्या मूळ लेखावरून, ओळख पक्की असलेल्या दुसऱ्या चित्राशी तुलना करून, घराण्याच्या सांगण्यावरून, की नुसता अंदाज; जे असेल ते. मागचा लेख नंतरच्या हाताचा असेल तर तेही लिहा.

जुन्या नोंदवहीतली प्रश्नचिन्हे परत आणा. संगणकात तसा रकाना नसेल तर करून घ्या. आजवर त्या चित्राला कोणकोणती नावे दिली गेली ती पुसू नका, क्रमाने ठेवा. चुकीचे नावही पुढच्या अभ्यासकाला वाट दाखवते.

मागच्या बाजूचे छायाचित्र समोरच्या छायाचित्राइतकेच स्पष्ट आणि फुकट उपलब्ध करा. फारसी, टाकरी आणि गुरुमुखी लेख वाचून घेण्यासाठी त्या लिपींच्या जाणकारांना मानधन द्या. हे काम 'सेवाभावाने' करून मागू नका.

उलटी चढलेली चित्रे सुलटी करा. हे एका दुपारचे काम आहे.

'शीख सरदार', 'शीख राजपुत्र', 'फकीर' या पाट्यांखालची चित्रे एकदा काढून, जाणकारांना बोलावून पुन्हा पाहा. नाव लागले नाही तर 'नाव अज्ञात' लिहा, आणि पेहराव, शस्त्र, दागिने, बैठक यांचे नीट वर्णन करा म्हणजे पुढच्याला शोधता येईल.

ज्या नोंदीत गुरूंचे नाव पुराव्याविना दिले आहे ती दुरुस्त करताना गुपचूप करू नका. काय बदलले आणि का, हे त्याच पानावर जाहीर लिहा. घरोघरी पोचलेले चित्र मागे घ्यायचे तर तसे सांगावे लागते. शक्य झाले तर हे मराठी, पंजाबी, हिंदीतही लिहा. आमच्या आत्याला इंग्रजी येत नाही.

वाचकांनी पाठवलेल्या दुरुस्तीला पोच द्या, आणि ती मान्य नसेल तर का नाही ते कळवा.

मी पाहिलेल्या ज्या नोंदी मला संशयास्पद वाटतात त्यांची नोंद क्रमांकांसह यादी, प्रत्येकीपुढे कारण लिहून, मी त्या त्या संग्रहालयाला स्वतंत्रपणे पाठवली आहे. माझे म्हणणे चुकीचे असेल तर पुरावा दाखवा, मी ती नोंद यादीतून काढून टाकीन. ज्यांच्याकडे घरात अशी जुनी चित्रे आहेत त्या वाचकांनीही निदान मागची बाजू मोबाइलवर टिपून ठेवावी; चौकट नवी करायला देण्यापूर्वी टिपावी.

आपली,
नांदेडची एक नोंदणी सहायक